बॅटल ब्रदर्स: पंधराव्या दिवशी कंपनी काऊन मरते?

नागपुरातल्याच, इंजिनीअरिंगला असलेल्या एका पोट्ट्याचा प्रश्न आहे: "दादा, सेलमध्ये बॅटल ब्रदर्स घेतला. टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायचे) गेम आधी खेळलो आहे, पण यात पंधराव्या-विसाव्या दिवशी अख्खी कंपनी साफ होऊन राहिली. माझे ९० टक्क्यांचे वार हुकतात, समोरच्या फाटक्या डाकूचे ३० टक्क्यांचे बरोबर लागतात. गेम चीटिंग करतो का? भरती कोणाची करू? आणि डीएलसीशिवाय (मूळ गेमला जोडायचे वाढीव भाग) मजा नाही असं मित्र म्हणतो, ते खरं का?"

चीटिंगचं आधी मिटवून टाकू. नाही करत. हिट चान्सला, म्हणजे वार लागायच्या शक्यतेला, या गेममध्ये दोन्ही बाजूंनी कुंपण आहे: कमीत कमी ५ टक्के, जास्तीत जास्त ९५. बारा जण मैदानात उतरले आणि प्रत्येकाने एकहाती शस्त्राने दोन-दोन वार केले, तर एका फेरीत २४ वार होतात. ते सगळेच्या सगळे ९५ टक्क्यांचे धरले तरी फेरीला सरासरी एक वार हुकणारच. ७० टक्क्यांचे तीन वार ओळीने हुकण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास आहे, आणि एका लढाईत तू असे तीन-तीनचे किती गट मारतो ते मोजून बघ. लागलेले वार कोणी लक्षात ठेवत नाही, हुकलेला मात्र रात्री झोपेतही आठवतो. म्हणून बेत असा पाहिजे की हुकला तरी तो पोट्टा पुढच्या फेरीत उभा दिसेल. तुझी कंपनी फाशांमुळे मरत नाही. अंगावर धड काही नसताना नको त्या लोकांशी भिडते, म्हणून मरते.

हाच गेमचा खरा स्वभाव आहे. हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओज या छोट्या टीमने २०१७ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला. यात तू भाडोत्री सैनिकांच्या एका टोळीचा म्होरक्या आहेस; नेहमीच्या सुरुवातीत तू स्वतः मैदानात दिसतही नाहीस. रोजचा पगार द्यायचा, खाऊ घालायचं, तुटलेलं दुरुस्त करायचं, मेलेल्याच्या जागी नवा आणायचा. लढाई हा या धंद्याचा एक भाग आहे, आणि ती बहुतेक वेळा पहिला बाण सुटण्याच्या आधीच जिंकलेली किंवा हरलेली असते: कोणाशी, कुठे, कोणत्या वेळी आणि काय घालून. नवा खेळाडू लढाईतल्या चाली शिकायच्या मागे लागतो आणि या चार गोष्टींकडे बघतच नाही.

सेटिंगबद्दल दोन वाक्यं. लढाई किती अवघड, पैसा कमावणं किती अवघड आणि सुरुवातीची रक्कम किती, हे वेगवेगळं ठरवता येतं. पहिल्यांदा तिन्ही सोपं ठेव, लाज वाटू देऊ नको. आणि आयर्नमॅन (मागे जाऊन जुना सेव्ह उघडू न देणारा मोड) बंद ठेव. यूट्यूबवरचे लोक आयर्नमॅनशिवाय खेळणाऱ्याला नावं ठेवतात, पण एकच लढाई तीन पद्धतींनी लढून बघणं हा शिकण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. नियम अंगवळणी पडले की मग चालू कर.

नेहमीच्या सुरुवातीत तुझ्याकडे तीनच माणसं उरलेली असतात आणि होगार्ट नावाच्या डाकूचा हिशेब चुकता करायचा असतो. त्याच्याकडे धावत जाऊ नको. हातातल्या पैशांतून आधी माणसं वाढव. एक चांगल्या शस्त्राचा गडी घेण्यापेक्षा ढाल आणि भाला दिलेले तीन साधे गडी घे. घेरलेल्या शत्रूवर पहिला सोडून प्रत्येक वाढीव माणसामागे ५ टक्के हिट चान्स मिळतो, आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. तुम्ही चार आणि ते सात असले की तुझ्या पोट्ट्यांना कोपऱ्यात घेऊन कुटतील.

ढाल-भाल्याचा हिशेब नीट समजून घे, कारण पहिला महिना याच्यावरच निघतो. नव्या माणसाचं मेली स्किल (जवळून वार करायचं कसब) पन्नाशीच्या आसपास असतं. तलवार-कुऱ्हाड दिली तर तो अर्धे वार हवेतच मारणार. भाल्याला नेम लागण्याचा २० टक्क्यांचा बोनस आहे. नुकसान कमी होतं, पण लागतो. आता ढालीकडे बघ. समज, समोरच्याचं स्किल ६५ आहे आणि तुझ्या गड्याचा स्वतःचा मेली डिफेन्स (जवळचे वार चुकवायचं कसब) ५. ढालीशिवाय त्याचा वार ६० टक्के लागणार. साधी लाकडी ढाल १५ देते, म्हणजे ४५. शील्डवॉल (ढाल पुढे धरून बचाव घ्यायची चाल) केलं की आणखी १५, म्हणजे ३०. आणि डाव्या-उजव्या बाजूच्या दोघांनीही शील्डवॉल केलं असेल तर प्रत्येकामागे ५, म्हणजे २०. साठाचे वीस झाले, आणि त्यासाठी ना लेव्हल लागली ना महाग सामान. फक्त तिघांना एकमेकांना चिकटून उभं राहावं लागलं. शील्डवॉलला २० फटीग (दमसास) लागतो आणि दर फेरीला १५ च परत मिळतो, म्हणून फेरीगणिक दाबत बसायचं नाही. शत्रू येऊन भिडतो त्या फेरीला आणि ज्याच्यावर दोघं-तिघं तुटून पडलेत त्याच्यासाठी राखून ठेव.

दुसऱ्या रांगेत लांब दांड्याची शस्त्रं. सुरुवातीला शेतातलं पिचफोर्कसुद्धा चालतं. दोन घरांवरून मारता येतं आणि मारणारा स्वतः वाराच्या बाहेर राहतो. पहिल्या रांगेत सहा-सात ढाली, मागे दोन-तीन लांब दांडे, एक-दोन धनुष्य किंवा क्रॉसबो. महिनाभर याच्यापेक्षा जास्त डोकं चालवायची गरज नाही.

आता अंतर. हे कोणी सांगत नाही आणि फरक मात्र भल्ला पडतो. प्रत्येकाकडे फेरीला ९ अॅक्शन पॉइंट असतात. सपाट जमिनीवर एक घर चालायला २ लागतात, एकहाती वाराला ४, दोनहातीला ६. शत्रू तुझ्यापासून तीन घरांवर असेल तर तो दोन घरं चालून ४ खर्च करतो आणि उरलेल्या पाचात एक वार मारतो. तोच चार घरांवर असेल तर तीन घरं चालायला ६ जातात, उरतात ३, वार होत नाही. म्हणजे तो येऊन तुझ्या नाकासमोर उभा राहतो आणि पहिला वार तुझा. पाच घरांवरही तसंच: चार घरं, ८ पॉइंट, आणि हात रिकामे. त्यामुळे त्यांच्याकडे धनुर्धारी नसतील तर आपली रांग लावून थांबायचं, वेट (आपली पाळी मागे ढकलायचं बटण) दाबायचं, आणि त्यांना चार-पाच घरांवरून येऊ द्यायचं. पुढे धावत जाणारा नेहमी पहिला वार खातो. धनुर्धारी जास्त असतील तर मात्र थांबणं म्हणजे बाण खात बसणं. तेव्हा झाडांच्या आडून सरकायचं किंवा आपला एक कुत्रा त्यांच्यावर सोडायचा. वॉरडॉग पाळायला लाज वाटून घेऊ नको. त्यांच्या नेमबाजाला दोन फेऱ्या गुंतवून ठेवला तरी त्याची किंमत वसूल होते. लांडगे मात्र या हिशेबात बसत नाहीत, त्यांचे पॉइंट जास्त असतात. आणि ऑर्क यंग (राक्षसी टोळीतला तरुण) धडक मारत येऊन तुझ्या माणसाला सुन्न करतो.

उंच घरावर उभा असलेल्याला खालच्यावर १० टक्के जास्त नेम मिळतो, खालून वर मारणाऱ्याचा १० टक्क्यांनी घटतो. २० टक्क्यांचा फरक फक्त जागेचा. आपल्या नागपूरच्या सीताबर्डीवर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी आधी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवरच्या इंग्रजांवरच फिरवली. टेकडी त्यांच्या हातून परत गेली, ती गोष्ट वेगळी. पण पगारावर लढणाऱ्या त्या लोकांनी आधी उंची धरली, हे लक्षात घे. आणि डिसेंबरात भोसल्यांची बाजू पडल्यावर हेच अरब शहरात ठाण मांडून बसले, आपल्या अटी मान्य करून घेतल्या, मगच नागपूर सोडलं. भाडोत्री सैनिकाचं डोकं असं चालतं. तुझंही या गेममध्ये तसंच चाललं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चिलखत. तुझ्या नव्या शेतगड्याच्या अंगात तागाचा सदरा असतो, २० चा. समोरच्या रेडरच्या (डाकूंमधल्या पक्क्या लढवय्याच्या) अंगावर बऱ्याचदा साखळ्यांचा शर्ट असतो, ११५ चा. तो शर्ट बाजारात विकत घ्यायचा म्हटलं तर पहिल्या महिन्यात परवडत नाही. आणि तो तर चालत तुझ्याकडे येतोय! अडचण एवढीच की कुऱ्हाड-हातोड्याने त्याला मारलास तर शर्टाच्या चिंध्या होतात, आणि फार फाटलेलं चिलखत लुटीत येतच नाही. आलं तरी दुरुस्तीला टूल्स खातं.

यावर उपाय म्हणजे खंजीर. खंजिराचा पंक्चर हा वार चिलखताला हातच लावत नाही, सरळ हिटपॉइंटमधून (माणसाच्या जिवातून) जातो. मेलेल्याच्या अंगावरचं चिलखत जसंच्या तसं तुझं. म्हणून प्रत्येक पोट्ट्याच्या बॅगेत एक खंजीर असू दे, स्वस्तातला का असेना. हे करायचं कसं ते नीट सांगतो, कारण घाई केली की माणूस जातो. लढाई नेहमीसारखी लढ. फडतूस ठग आणि नेमबाज आधी संपव, जसे जमतील तसे. एक-दोन रेडर उरले, तेही चांगल्या चिलखतातले, की दोनहाती शस्त्रवाल्यांना मागे घे. उत्साहाच्या भरात ते शर्ट फाडतात. ढालवाल्या चौघांनी त्याला चारही बाजूंनी घेरायचं. चौघांपैकी दोघांनी फक्त शील्डवॉल करून उभं राहायचं, कारण त्यांचं काम घेरा पक्का ठेवणं आहे. उरलेल्या दोघांनी शस्त्र बदलून खंजीर काढायचा. पंक्चरला नेमात १५ टक्क्यांची घट आहे, पण चौघांच्या घेऱ्याचे १५ टक्के मिळतात, म्हणजे हिशेब बरोबरीत. एका वाराला ४ पॉइंट, फेरीला दोन वार. बाजारात जाळं मिळालं तर आधी ते टाक. जाळ्यात अडकलेला हलूही शकत नाही आणि त्याचा डिफेन्सही पडतो. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. त्याची हिंमत खचली तरी घेऱ्यातून पळायला वाट नसते.

कधी हे करू नको तेही ऐक. तुझ्या रांगेत कोणी रक्ताळलेला असेल, किंवा तो रेडर दोनहाती कुऱ्हाड घेऊन उभा असेल आणि तुझ्या पोट्ट्यांच्या अंगात अजून सदरेच असतील, तर शर्टाचा मोह सोड. डाकूंच्या सरदारावर तर सुरुवातीला हा प्रयोग नकोच. पण एरवी सलग काही डाकू लढाया अशा खेळल्या की रांगेतले सगळे साखळीत दिसायला लागतात, आणि तिथून पुढे गेम अचानक सोपा वाटतो. सोपा झालेला नसतो. तू त्याच्या बरोबरीला आलेला असतोस.

हेल्मेटकडे दुर्लक्ष करू नको. दर चार वारांतला एक डोक्यावर बसतो आणि डोक्यावरच्या वाराचं नुकसान दीडपट होतं. अंगात भारी शर्ट आणि डोकं उघडं, म्हणजे मे महिन्यात भर दुपारी दुपट्टा न बांधता व्हरायटी चौकात उभं राहण्यासारखं आहे. सगळ्यांना आधी एकेक साधी टोपी मिळू दे, मग एखाद्याला भारी हेल्मेट.

कॉन्ट्रॅक्ट घेताना कवट्या बघ. एक कवटी म्हणजे सोपं, तीन म्हणजे तुझ्यासाठी नाही. पण कवट्यांवरही पूर्ण भरवसा नको, मजकूर वाच. डाकूंना हुसकावणं, काफिल्याला सोबत करणं, सामान पोचवणं ही पहिल्या महिन्याची कामं. काफिल्याच्या कामात काफिल्याचे स्वतःचे राखणदारही तुझ्या बाजूने लढतात, त्यामुळे सुरुवातीला मला हे काम आवडतं, जरी चालायला फार लागत असलं तरी. मोबदल्याची घासाघीस कर, एकदा तर नक्की. सारखं ताणलं की मालक चिडतो आणि काम हातचं जातं.

नकाशावर शत्रूची टोळी दिसली की तिच्यावर कर्सर नेऊन बघ, आत कोण आहे ते कळतं. नको असलेले दिसले तर वाट बदल. पळताना जवळपास सरदार घराण्याच्या शिपायांची गस्त असेल तर तिच्या दिशेने पळ; त्यांची आपसात जुंपली की तू मागून सामील हो. हाती लागेल ती लूट तुझी. यात कमीपणा नाही, कंपनी हा धंदा आहे. लढाई जिथे होते तिथली जमीन नकाशावरच्या जागेवरून ठरते. दलदलीत उतरलास तर नेम आणि डिफेन्स दोन्ही पडतात, दाट झाडीत रांग लागत नाही. शत्रू तुझ्या मागे असेल तर त्याला मोकळ्या रानात आण, मग वळ. रात्री धनुर्धाऱ्यांचा नेम चांगलाच घसरतो, म्हणून नेमबाजांनी भरलेल्या टोळीवर अंधारात जाणं फायद्याचं. तुझ्याकडेच जास्त धनुष्यं असतील तर सकाळ होऊ दे.

भरतीचं विचारलंस. शेतगडी, मिलिशियावाला, काफिल्याचा हमाल, लाकूडतोड्या, कोळी, कुस्तीगीर. स्वस्त, दणकट, रोजचा पगार कमी. रानटी माणूस मिळाला तर घे, त्याचे हिटपॉइंट आणि फटीग दोन्ही चांगले असतात. धनुष्यासाठी शिकारी किंवा चोरटा शिकारी, दुसरा कोणी घेऊन उगाच घडवत बसू नको. भिकारी स्वस्त असतो, पण तो रांगेत फक्त जागा अडवतो. हेज नाइट (भटका, कसलेला लढवय्या) बघून तोंडाला पाणी सुटतं, आणि तो खरंच जबरदस्त असतो. पण त्याच्या एका दिवसाच्या पगारात दोन-तीन शेतगडी पोसले जातात, आणि त्याला साजेसं चिलखत तुझ्याकडे नसतं. पहिल्या महिन्यात त्याला नमस्कार करून पुढे जा. घेण्याआधी थोडे पैसे देऊन ट्रायआउट कर, म्हणजे दमेकरी, भित्रा असे गुणदोष कळतात. तारे (कोणता गुण झपाट्याने वाढेल त्याची खूण) मात्र भरती झाल्यावरच दिसतात. मेली स्किल आणि मेली डिफेन्स दोन्हींवर तारे असलेला गडी निघाला तर त्याला जपून वाढव. नाही निघाला तरी महिनाभर ढाल धरायला तो चालतो. सगळेच हिरे असायची गरज नाही.

लेव्हल वाढली की आठांपैकी तीन गुण वाढवायला मिळतात. पुढच्या रांगेतल्याला दर वेळी मेली स्किल आणि मेली डिफेन्स, तिसरा हिटपॉइंट किंवा फटीग. नवे लोक सगळं थोडं-थोडं वाढवतात आणि अकराव्या लेव्हलला त्यांचा गडी कशातच धड नसतो. मेली डिफेन्स दर लेव्हलला १ ते ३ च मिळतो, म्हणून ३ आला की डोळे झाकून घे. झेंडा धरणाऱ्याला मात्र रिझॉल्व्ह (हिंमत) दे, भरपूर दे.

पर्कचं (लेव्हल वाढली की निवडायच्या खास कसबाचं) एवढंच: सहाव्या ओळीत निंबल आणि बॅटल फोर्ज्ड आहेत, आणि प्रत्येक पुढच्या रांगेतल्याचं यांपैकी एक ठरलेलं पाहिजे. निंबल हलक्या चिलखतासाठी. चिलखत-हेल्मेटचा मिळून फटीगचा भार १५ च्या आत असेल तर हिटपॉइंटवरचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत कमी होतं. म्हणून त्याच्यासोबत कोलोसस हा हिटपॉइंट वाढवणारा पर्क घे आणि हिटपॉइंट वाढव. बॅटल फोर्ज्ड उलट आहे. जितकं चिलखत जाड तितकं ते टिकतं, म्हणून तो पर्क खरी जाड पत्र्याची चिलखतं हाती यायला लागली की फळतो. दोन्हींच्या मधलं चिलखत घालून निंबल घेतलेले पोट्टे मी खूप बघतो. त्यांना ना इकडचा फायदा ना तिकडचा. स्टुडंट हा पर्क सुरुवातीच्या लोकांना द्यायला हरकत नाही, अकराव्या लेव्हलला त्याचा पॉइंट परत मिळतो.

पैशांबद्दल फार बोलत नाही. टूल्स, औषध आणि अन्न संपू देऊ नको. टूल्स संपले की दुरुस्ती थांबते, दुरुस्ती थांबली की पुढची लढाई फाटक्या ढालींनी, आणि मग तू मला परत प्रश्न विचारशील. लूट खेड्यात फुंकू नको, मोठ्या शहरात भाव बरा येतो. मीठ, फर, अंबर असलं काही पिकतं त्या गावातून घ्यायचं आणि शहरात विकायचं. वाटेवरच असेल तर. व्यापारासाठी वेगळी वाट वाकडी करू नको, रोजचा पगार चालू असतो.

आता शत्रू, आणि इथे मी पक्षपाती आहे. पहिल्या महिन्यात डाकू, लांडगे आणि थोडेफार मुडदे, बस. उठून बसणारे मुडदे हळू असतात, पण मारलेला परत उठतो. क्लीव्हरने (रुंद पात्याच्या सत्तुराने) मुंडकं उडवलं तर उठत नाही. मागे नेक्रोमॅन्सर (मुडदे उठवणारा मांत्रिक) उभा असेल तर आधी त्याच्यामागे जा, नाहीतर तू रात्रभर तेच ते मुडदे मारत बसशील. सांगाड्यांवर बाण वाया जातात. भुतं किंचाळून हिंमत मोडतात. रिझॉल्व्ह कमी असलेल्यांना त्या कॉन्ट्रॅक्टला बाहेर बसव.

ऑर्कला लोक घाबरतात ते बरोबरच आहे, पण ऑर्क निदान समोरून येतो. मला जास्त राग गॉब्लिनचा येतो. नकाशावर टोळी छोटीशी दिसते, मैदानात पोट्ट्यांच्या कमरेएवढे ठेंगू, आणि त्यांचा धनुर्धारी गेममधल्या चांगल्या नेमबाजांत मोडतो. बाणांना विष, शामनची (त्यांच्या मांत्रिकाची) मुळं पायांत गुंतलेली, आणि लांडग्यावर बसलेले तोवर बाजूने फिरून आलेले. नव्या खेळाडूंच्या कंपन्या सगळ्यात जास्त यांच्याच हातून संपताना मी बघितल्या आहेत, तेही "छोटे तर आहेत बे" म्हणत म्हणत. सगळ्यांच्या हाती चांगल्या ढाली आणि अंगावर साखळी आल्याशिवाय गॉब्लिनचं काम घ्यायचंच नाही. काइट शील्ड ही लांबट ढाल बाणांवर चांगली चालते, तेव्हा आधी त्या जमव, आणि शक्य असेल तर रात्री जा. हेक्सन, आल्प, उनहोल्ड या भयंकर जिवांबद्दल आत्ता वाचूही नको.

लढाई हातची जातेय असं दिसलं तर माघार घ्यायची सोय आहे, आणि ती तू वापरत नसशील अशी मला खात्री आहे. मैदानाच्या कडेला पोचलेले सुटतात, शत्रूत अडकलेल्यांचं मात्र खरं नाही. म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो: दोन-तीन पोट्टे पडल्यावर, सात पडल्यावर नाही. मागे सुटलेले चार अनुभवी गडी आणि त्यांच्या अंगावरची चिलखतं, यातून नवी कंपनी उभी राहते. लूट मिळाली नाही आणि कॉन्ट्रॅक्टही फसलं, म्हणून थोडी इभ्रत जाईल, जाऊ दे. जखमी झालेल्याला मंदिरात नेऊन पैसे देऊन इलाज करता येतो. कायमची जखम झालेला मात्र कायमचाच, त्याला ठेवायचं की नारळ द्यायचा ते बघ.

हे जमलं तर साधारण ऐंशीव्या दिवसाच्या आसपास गेम मोठं संकट आणतो: सरदार घराण्यांचं आपसातलं युद्ध, ऑर्क-गॉब्लिनची स्वारी किंवा मुडद्यांची लाट. तोपर्यंत तुझे बारा जण आठव्या-नवव्या लेव्हलच्या पुढे आणि चांगल्या चिलखतात असले पाहिजेत, शिवाय राखीव चार-पाच. यादीत वीसच माणसं मावतात. सरदार घराण्यांचं युद्ध आलं तर नवख्याला सगळ्यात बरं, कारण माणसं माणसांशी लढतात आणि खंजिराची कमाई चालूच राहते.

डीएलसीचं उत्तर सोपं आहे. आत्ता एकही विकत घेऊ नको. मूळ गेममध्येच तुला पुढचे दोन-तीन महिने काढता येतील. लिंडवर्म आणि ऑफ फ्लेश अँड फेथ फुकट आहेत, ती घेऊन ठेव. पण त्यातल्या वेगळ्या सुरुवाती पहिल्यांदा निवडू नको, नेहमीचीच नवी कंपनी घे. विकतचं घ्यायची वेळ आली तर आधी बीस्ट्स अँड एक्स्प्लोरेशन, कारण नवे प्राणी आणि नकाशावर शोधायच्या जागा त्यात येतात. मग वॉरियर्स ऑफ द नॉर्थ, त्यात सुरुवातीच्या वेगवेगळ्या कहाण्या आणि उत्तरेकडचे रानटी येतात. ब्लेझिंग डेझर्ट्स शेवटी. वाळवंट, बंदूकवाले आणि कंपनीच्या मागे चालणारे मदतनीस असं भरपूर काही आहे त्यात, पण बंदूकवाल्यांसमोर उभं राहायला आधी रांग लावता आली पाहिजे. आणि लॅपटॉप जुना आहे म्हणून थांबला असशील तर थांबू नको, टू-डी गेम आहे, भागतो.